मुलांचें बोलणें आणि यंत्राचे कान

मूल चालूं लागलें म्हणजे घरांत त्याचें कौतुक होतें. पण त्याला वाचा फुटली म्हणजे घराशीं असलेलें त्याचें नातेंच बदलतें. तोंवर त्याची भूक, त्याचें दुखणें, त्याचा हट्ट हें सारें आईनें तर्कानें ओळखावयाचें असतें. शब्द आला कीं मूल आपली बाजू आपणच मांडूं लागतें. म्हणूनच दोन-अडीच वर्षें उलटूनहि एखाद्या घरचें मूल बोलत नाहीं, किंवा चौथ्या वर्षींहि त्याचें बोलणें आईखेरीज कोणाला उमगत नाहीं, तेव्हां त्या घरावर एक मूक चिंता पसरते. आजी धीर देते कीं, याचा बापहि उशिराच बोलला होता. शेजारीण वेखंड उगाळून जिभेला चाटवावयास सांगते. कोणी जिभेखालचा पडदा कापून आणा म्हणतो, कोणी नवस सुचवितो. या सर्व सल्ल्यांत प्रेम असतें. पण त्यांत महिने जातात, आणि बालकाच्या वाणीच्या बाबतींत गेलेला महिना सहजासहजीं भरून येत नाहीं.

अलीकडे या सल्लागारांत आणखी एकाची भर पडली आहे. तो म्हणजे प्रत्येकाच्या खिशांतील फोन. ‘मूल बोलत नाहीं’ एवढे शब्द त्याला सांगितले कीं तो क्षणांत दहा उपाय पुढें करतो. मुलाचा आवाज ऐकून त्याचा उच्चार बरोबर कीं चूक याचा निवाडा करण्याचें आश्वासनहि कांहीं ॲप देतात. यामागील विद्येला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात. मुलांच्या वाचोपचाराला, म्हणजे आज बहुतेक घरांत स्पीच थेरपी या नांवानें जो ओळखला जातो त्या उपचाराला, या विद्येचा कितपत हातभार लागेल आणि कोठें तिच्यापासून सावध राहावयास हवें, हा प्रश्न आतां केवळ मोठ्या शहरांतील रुग्णालयांपुरता राहिलेला नाहीं. त्याचा विचार हवेंत करण्यापेक्षां एखादें गांव डोळ्यांसमोर ठेवून करणें अधिक बरें. त्या दृष्टीनें नागपूरजवळचें बुटीबोरी हें उदाहरण बोलकें आहे.

नागपुराहून वर्धा मार्गानें दक्षिणेस गेलें म्हणजे सुमारें ३० किलोमीटरांवर बुटीबोरी लागतें. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळानें वसविलेल्या विस्तीर्ण औद्योगिक क्षेत्रामुळें येथें नाना प्रकारचे कारखाने आले आणि त्यांच्यामागोमाग माणसें आलीं. विदर्भांतील खेड्यांतून आलेलीं कुटुंबें, मध्यप्रदेश, छत्तीसगड, उत्तरप्रदेश व बिहार या राज्यांतून आलेले कामगार, असा हा वस्तीचा गोतावळा आहे. एकाच चाळींत एका दारीं नागपुरी वळणाची मराठी, दुसऱ्या दारीं हिंदी, आणि अंगणवाडींत पुस्तकी मराठी, अशा तीन भाषा लहान मुलाच्या कानांवर पडत असतात.

अशा वस्तींतील चार वर्षांच्या मुलाला वाचोपचार हवा आहे, असें समजूं. मोठीं रुग्णालयें नागपूरच्या वाटेवर आहेत: मिहान येथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था त्यांतल्या त्यांत जवळ, आणि १९४७ सालीं निघालेलें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय शहरांत. पहिल्या तपासणीसाठीं एक दिवस मोडणें कोणत्याहि आईबापांना जड नाहीं. अडचण पुढेंच आहे. वाचोपचार म्हणजे औषधाची एक बाटली नव्हे. तो महिनोन्महिने चालावयाचा असतो. आठवड्यांतून एकदां अर्ध्या-पाऊण तासाच्या भेटीसाठीं बापानें पाळी चुकवावयाची, आईनें धाकट्याला कडेवर घेऊन बस गांठावयाची, आणि दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडावयाचें. दोन-तीन महिने हें निभतें. मग पेरणी, परीक्षा, ताप अशा कोणत्या तरी निमित्तानें खंड पडतो तो पडतोच. आठवड्याचे तास १६८. त्यांतील अर्धा तास तज्ज्ञाचा, उरलेले सारे घराचे. या उरलेल्या तासांत कोणीतरी जाणतेपणानें साथ देईल काय, हा खरा प्रश्न आहे. आणि यंत्राचें नांव प्रथम निघतें तें येथेंच.

वाचोपचारांत नेमकें काय करतात, हें समजल्याशिवाय यंत्राचें मोल कळणार नाहीं. पुष्कळ लहान मुलें ‘क’ च्या जागीं ‘त’ आणि ‘ग’ च्या जागीं ‘द’ म्हणतात. ‘काका’ चा ‘ताता’ होतो, ‘गाय’ ची ‘दाय’ होते. घशाकडे जीभ उचलून काढावयाचा ध्वनि मूल दांतांपाशीं काढतें. तीन-साडेतीन वर्षांपर्यंत यांत वावगें कांहीं नाहीं. त्यापुढेंहि ही खोड टिकली तर मात्र तिच्याकडे लक्ष पुरवावें लागतें. अशा वेळीं कुशल तज्ज्ञ मुलाला ‘चूक, पुन्हां म्हण’ असें दरडावीत नाहीं. तो दोन चित्रें मांडतो: एक कारचें, एक तारेचें, किंवा एक गाण्याचें, दुसरें दाण्यांचें. ‘गाणें लाव’ असें म्हणावयाच्या ऐवजीं मूल ‘दाणें’ म्हणालें कीं त्याच्या हातावर दाणे येतात. मूल चकित होतें. आपल्या एका ध्वनीनें अर्थच बदलला, ही जाणीव त्याला तेथें प्रथम होते, आणि जीभ मागें नेण्याचा यत्न तें स्वतःहून करूं लागतें. हा खेळ दिवसांतून अनेक वेळां, थोडा थोडा, हंसतखेळत झाला पाहिजे. तज्ज्ञ वाट दाखवितो. चालणें घरींच होतें.

आपल्या देशांत या शास्त्राचें पद्धतशीर शिक्षण फार जुनें नाहीं. मैसूर येथील अखिल भारतीय वाणी व श्रवण संस्था १९६५ सालीं स्थापन झाली. मुंबईच्या नायर रुग्णालयाशीं संलग्न असलेल्या टोपीवाला वैद्यकीय महाविद्यालयांत १९६६ सालीं या विषयाचा पदवी-अभ्यासक्रम सुरू झाला. आणि मुंबईंतच अली यावर जंग यांच्या नांवानें राष्ट्रीय संस्था १९८३ सालीं निघाली. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या कायद्यानें या व्यवसायाला नोंदणीचें बंधन घातलें, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें वाणी व भाषेचें अपंगत्व हें स्वतंत्रपणें मान्य केलें. तथापि शिकून बाहेर पडलेले तज्ज्ञ बहुधा मोठ्या शहरांतच राहतात, आणि त्यांतहि स्थानिक बोली जाणणारा तज्ज्ञ मिळणें हा भाग्याचा योग असतो.

बोलणें शिकविण्याच्या कामीं यंत्राची वा युक्तीची मदत घेण्याची कल्पनाहि नवी नव्हे. अलेक्झांडर मेलव्हिल बेल यांनीं १८६७ सालीं जीभ, ओठ व कंठ यांच्या ठेवणीवरून ध्वनि लिहून दाखविणारी एक लिपि प्रसिद्ध केली. त्यांचे पुत्र ग्रॅहॅम बेल हे बहिऱ्या मुलांना बोलणें शिकवीत असत, आणि त्याच व्यासंगाच्या वातावरणांत पुढें १८७६ सालीं टेलिफोन जन्मास आला. १९८८ सालीं आयबीएम कंपनीनें आवाजाची उंची, जोर व काळ हीं पडद्यावर चित्ररूपानें दाखविणारें एक साधन काढलें. ज्या मुलाला स्वतःचा आवाज ऐकूं येत नसे त्याला तो निदान दिसूं लागला. या साधनांत आणि आजच्या साधनांत फरक हा कीं, जुनें यंत्र आवाज फक्त दाखवीत असे. नवें यंत्र तो ओळखण्याचा दावा करतें.

तें ओळखतें कसें? फोनच्या ध्वनिग्राहकावर पडलेला आवाज सेकंदाला सामान्यतः १६,००० वेळां मोजला जातो. त्या मोजमापांचे सुमारें एक चाळिसांश सेकंदाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यांत कोणत्या उंचीच्या लहरी किती जोराच्या आहेत, हें यंत्र पाहतें. हजारों तासांच्या बोलण्यावरून आणि त्याच्या लिखित रूपावरून तें आधीं शिकलेलें असतें. त्या आधारें ‘हा तुकडा क असण्याचा संभव इतका, त असण्याचा इतका’ असा हिशेब तें मांडतें. उच्चार तपासावयाचा झाल्यास अपेक्षित ध्वनीचा संभव किती आणि प्रत्यक्षांत सर्वांत बळकट ठरलेल्या ध्वनीचा किती, यांची तुलना करून गुण देतां येतात. सारांश, यंत्राजवळ कान नाहीं, मोजणी आहे. आणि ती मोजणी ज्यांच्या आवाजांवर बेतली त्यांच्यापुरतीच ती विश्वासार्ह असते. या एका गोष्टींतून तीन अडचणी उद्‌भवतात.

पहिली अडचण वयाची. हीं यंत्रें मुख्यतः प्रौढांच्या आवाजावर शिकलीं आहेत. प्रौढ पुरुषाच्या कंठापासून ओठांपर्यंतची पोकळी सुमारें १७ सेंटिमीटर असते. लहान मुलाची ती बरीच आखूड असल्यामुळें त्याचे सारेच ध्वनि वरच्या पट्टींत सरकतात. पुरुषाचा स्वर सेकंदाला शंभर-सव्वाशें कंपनांचा, तर लहान मुलाचा अडीचशें-तीनशेंच्या घरांतला. शिवाय मूल एकच शब्द सकाळीं एका तऱ्हेनें आणि संध्याकाळीं दुसऱ्या तऱ्हेनें म्हणतें. म्हणून प्रौढांचें बोलणें बिनचूक टिपणारें यंत्र मुलाच्या बोलण्यापुढें चांचरतें. आणि ज्या मुलाच्या उच्चारांत दोष आहे त्याच्यापुढें तर अधिकच. सर्वांत गरज ज्याला, त्याच्याच बाबतींत यंत्र सर्वांत दुबळें, असा हा विपरीत प्रकार आहे.

दुसरी अडचण यंत्राच्या हुशारींतून येते. सांगितलेलें लिहून घेणारीं यंत्रें केवळ ध्वनि पाहत नाहींत. मागचे-पुढचे शब्द पाहून कोणता शब्द शोभेल हेंहि ठरवितात. मूल म्हणालें, ‘बाबा तामाला गेले’. यंत्रानें समजून घेऊन लिहिलें, ‘बाबा कामाला गेले’. पत्र लिहावयाचें असेल तर हा गुण. उच्चार तपासावयाचा असेल तर हाच अवगुण. आईच्या फोनवर वाक्य शुद्ध उमटलेलें पाहून तिला वाटावें कीं मूल सुधारलें, आणि मुलाची जीभ तर तेथेंच दांतांपाशीं! उलट, मुलाला ‘काप’ म्हणावयाचें असतांना तें ‘ताप’ म्हणालें तर यंत्र निःशंकपणें ‘ताप’ लिहून मोकळें होतें. कारण तोहि शब्दच आहे. लिहून घेणारें यंत्र आणि उच्चार पारखणारें यंत्र हीं दोन वेगळीं हत्यारें आहेत, हें फोन हातीं घेणाऱ्या प्रत्येक घरानें ध्यानांत ठेवावें.

तिसरी अडचण सर्वांत नाजूक, आणि बुटीबोरीसारख्या ठिकाणीं सर्वांत महत्त्वाची. ती बोलीची. विदर्भांतील असंख्य घरांत ‘काळा’ हा शब्द ‘काया’ आणि ‘डोळा’ हा ‘डोया’ असा उच्चारतात. ‘पाणी’ चें ‘पानी’ होतें. ‘तो जात आहे’ याच्या ऐवजीं ‘तो जाऊन राहिला’ म्हणतात. ही कांहीं आजची मोडतोड नव्हे. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीच्या मराठीविषयक सातव्या खंडांत, म्हणजे १९०५ सालींच, वऱ्हाडी व नागपुरी या बोलींची दखल घेतलेली आहे. पण पुस्तकी मराठीवर पोसलेल्या यंत्राला हें कसें ठाऊक असणार? बुटीबोरींतील मुलगी ‘डोया’ म्हणाली कीं यंत्र तांबडी फुली दाखवील. वस्तुतः तिनें आपल्या आईसारखाच, आजीसारखाच उच्चार केलेला असतो. बोलीभेद हा वाग्दोष नव्हे, हें वाचोपचाराचें मूलभूत तत्त्व आहे. म्हणून जाणता तज्ज्ञ तो शब्द प्रथम आईला म्हणावयास लावतो आणि मग मुलाला. यंत्र आईला विचारीत नाहीं. त्याच्या फुलीवर विसंबून राहिलें तर मूल आपल्या घरच्या भाषेलाच व्यंग समजूं लागेल, आणि ज्या मुलाला आधींच बोलावयाचा संकोच आहे तें अधिकच मुकें होईल.

याच्याशीं लागून असलेला एक गैरसमजहि येथेंच दूर केलेला बरा. घरांत हिंदी, दारांत मराठी, म्हणून मूल गोंधळलें व बोलेनासें झालें, असें पुष्कळ ठिकाणीं ऐकूं येतें. आणि एक भाषा बंद करा, असा सल्लाहि मिळतो. दोन भाषा कानांवर पडल्यानें वाणीचा विकार होत नाहीं. बिहारहून आलेल्या आईनें आपल्या मोडक्यातोडक्या मराठींत मुलाशीं बोलण्यापेक्षां स्वतःच्या भरघोस मातृभाषेंत बोलावें, गाणीं म्हणावींत, गोष्टी सांगाव्यात. त्यानें मुलाचें कल्याणच होईल.

या अडचणी ऐकून यंत्र टाकाऊच आहे असें मात्र कोणी समजूं नये. जेथें त्याला न्यायाधीश न करतां मदतनीस केलें आहे तेथें त्यानें मोलाची कामगिरी केली आहे. ज्या मुलांना अद्याप बोलतां येत नाहीं, किंवा कदाचित् कधींच नीट बोलतां येणार नाहीं, त्यांच्यासाठीं चित्रांचे फलक हें जुनें साधन आहे. चेन्नईंत तयार झालेल्या ‘आवाज’ या ॲपनें तोच फलक फोनवर आणला; मूल चित्राला बोट लावतें आणि यंत्र त्याच्या वतीनें बोलतें. मुंबईच्या आय. आय. टी. मधील अभिकल्प विभागानें तयार केलेलें ‘जेलो’ हें याच जातीचें, विनामूल्य मिळणारें आणि मराठीहि बोलणारें साधन आहे. त्यांत खाणें, खेळणें, माणसें, जागा अशा वर्गांतील चित्रें आहेत, आणि कडेला ‘आवडतें, नावडतें, होय, नको, आणखी, कमी’ या अर्थांचीं सहा बटणें आहेत. हीं सहा बटणें क्षुल्लक वाटतात. पण ज्या मुलानें आजवर ‘नको’ हें केवळ रडून किंवा डोकें आपटून सांगितलें, त्याला तें एका बोटानें सांगतां येऊं लागलें म्हणजे घरांतला केवढा तरी ताप कमी होतो. अशा साधनानें मूल आळशी होऊन बोलणें सोडील, ही भीति निराधार आहे. संवादाची गोडी लागली म्हणजे जें थोडें बोलतां येण्यासारखें असतें तेंहि पुढें येतें. या दोन साधनांत मुळांत कृत्रिम बुद्धिमत्तेपेक्षां सूज्ञ मांडणीचा भाग मोठा आहे, हेंहि लक्षांत घेण्यासारखें आहे. मुलाला काय म्हणावयाचें असेल याचा अंदाज घेऊन चित्र पुढें करणें, किंवा त्याच्या तुटक शब्दांचें पूर्ण वाक्य जुळविणें, अशा कामीं नवी विद्या त्यांच्या जोडीला येऊं शकते.

दुसरा उपयोग तज्ज्ञाच्या मेजावरचा. एका मुलासाठीं ‘क’ नें सुरू होणारे, चित्र काढतां येण्यासारखे, मुलाच्या ओळखीचे वीस शब्द हवेत. त्यांतून रोज एक नवी गोष्ट हवी. ती गोष्ट ट्रॅक्टर, बैलपोळा, संत्रीं, कारखान्याचा भोंगा अशा त्याच्या जगांतली हवी. हें काम करतांना तज्ज्ञाची संध्याकाळ जाते. २०२२ च्या अखेरीपासून लोकांच्या हातीं आलेलीं चॅटजीपीटीसारखीं संभाषणयंत्रें असा कच्चा मसुदा कांहीं क्षणांत देतात. मात्र मसुदा हा मसुदाच. मराठींतील ‘च’ आणि ‘ज’ यांचे दोन दोन उच्चार आहेत. ‘चमचा’ तला ‘च’ आणि ‘चहा’ तला ‘च’ एक नव्हेत, पण अक्षर एकच. अक्षर पाहून यादी करणारें यंत्र हे दोन्ही उच्चार एका माळेंत ओवण्याचा संभव असतो, आणि मुलाच्या जिभेला एकाच धड्यांत दोन वेगळ्या जागा शोधाव्या लागतात. तज्ज्ञानें यादी वाचून, निवडून, मोठ्यानें म्हणून पाहिल्यावरच ती घरीं जावी. भेटीच्या नोंदी लिहिणें, आईला द्यावयाच्या सूचना सोप्या हिंदींत किंवा मराठींत उतरविणें, हीं कामेंहि यंत्राकडे सोंपवून वांचलेला वेळ मुलाला देतां येतो.

तिसरा उपयोग चाळणीचा. अमेरिकेंतहि शाळांना वाचोपचारतज्ज्ञ पुरेसे मिळत नाहींत. म्हणून २०२३ च्या जानेवारींत बफेलो येथील विद्यापीठांत २ कोटी डॉलरांच्या अनुदानावर एक राष्ट्रीय संस्था उभी करण्यांत आली. वर्गांतील मुलांचें बोलणें ऐकून कोणाला तपासणीची गरज आहे हें सुचविणारें एक साधन, आणि तज्ज्ञाला प्रत्येक मुलासाठीं अभ्यास आंखून देण्यास साहाय्य करणारें दुसरें, अशीं दोन साधनें घडविणें हें तिचें उद्दिष्ट ठरलें. त्यांतहि अंतिम निर्णय तज्ज्ञाचा, ही मर्यादा आंखलेली आहे. चाळणीचें काम खडा वेगळा काढण्याचें. तो खडा कीं हिरकणी हें ठरविणारी दृष्टि माणसाचीच.

आपल्याकडे अशी एक मानवी चाळणी आधींपासून आहे, आणि तिची आठवण घरांना असावयास पाहिजे. २०१३ च्या फेब्रुवारींत महाराष्ट्रांतील पालघर येथें राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडींत व शाळेंत जाऊन तपासणी करणें आणि गरज दिसल्यास त्यांना जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठविणें, हा त्याचा हेतु; त्यांत ऐकूं न येणें, भाषा उशिरा येणें, दुभंगलेले ओठ व टाळू यांचाहि समावेश आहे. बुटीबोरीच्या आईनें फोनला विचारण्यापूर्वीं अंगणवाडीच्या ताईंना विचारावें, तें यासाठींच.

कारण ‘मूल बोलत नाहीं’ हें लक्षण आहे, रोगाचें नांव नव्हे. हजार नवजात बालकांत एक ते तीन बालकांना लक्षणीय श्रवणदोष असतो. ज्याला ऐकूंच येत नाहीं त्याला कितीहि हुशार यंत्रानें उच्चार शिकविले तरी तें काम पालथ्या घड्यावर पाणी ओतण्यासारखें आहे. दुसऱ्या एखाद्या मुलांत स्वमग्नता असेल, तिसऱ्यांत टाळूचा दोष असेल, चौथ्यांत जिभेच्या हालचालींवर मेंदूचा ताबा कमी असेल. यांतील प्रत्येकाचा उपाय निराळा. म्हणून पहिली पायरी कानाची तपासणी, आणि ती कोणतेंहि ॲप उघडण्याच्या आधीं. वर्षाचें मूल नांवानें हांक मारल्यावर वळत नसेल, दीड वर्षांपर्यंत एकहि शब्द नसेल, दोन वर्षांनंतरहि ‘बाबा ये’, ‘दूध दे’ असे दोन शब्द जुळत नसतील, चार वर्षांच्या मुलाचें बोलणें परक्याला कळत नसेल, किंवा आलेले शब्द नाहींसे होऊं लागले असतील, तर ‘येईल हळूहळू’ म्हणून थांबूं नये.

आणखी दोन गोष्टींचा विवेक राखावयास हवा. एक पडद्याचा. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं सांगितलें आहे कीं, दोन वर्षांखालील मुलापुढें पडदा नसावा आणि दोन ते चार वर्षांच्या मुलापुढें तो दिवसांतून एका तासाहून अधिक नसावा. वाचोपचाराच्या नांवाखालीं मुलाच्या हातीं फोन देऊन स्वयंपाकाला लागणें म्हणजे औषधाच्या नांवानें साखर चारणें होय. दहा मिनिटें, आई किंवा बाप शेजारीं बसून, आणि फोन दोघांच्या मध्यें, अशीच रीति असावी. दुसरा विवेक मुलाच्या आवाजाचा. मुलाचें बोलणें ही त्याची खाजगी वस्तु आहे. ॲपनें टिपलेला आवाज कोठें जातो, किती दिवस राहतो, कोणाच्या कामीं येतो, हें विचारण्याचा आईबापांना अधिकार आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानें १८ वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यास पालकांच्या पडताळून पाहतां येण्याजोग्या संमतीची अट घातली आहे. २०२५ च्या नोव्हेंबरांत त्याचे नियम प्रसिद्ध झाले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्यानें व्हावयाची आहे. कायदा असला तरी ‘मान्य आहे’ या शब्दांवर बोट ठेवणारा हात घरांतलाच असतो.

मग बुटीबोरीसाठीं योग्य क्रम कोणता? आधीं कान तपासावे. मग नोंदणीकृत तज्ज्ञाची प्रत्यक्ष भेट घ्यावी, आणि त्यानें मुलाचा व घरच्या बोलीचा अंदाज घेऊन मोजके शब्द व खेळ ठरवावे. त्यानंतर दर आठवड्याच्या फेरीऐवजीं कांहीं भेटी फोनवरून समोरासमोर व्हाव्या. मधल्या दिवसांत घरच्या सरावाचे छोटे ध्वनिमुद्रित तुकडे तज्ज्ञाकडे जावे, आणि यंत्रानें ते नीट लावून, मोजून, तज्ज्ञाच्या कानांपुढें ठेवावे. निवाडा यंत्राचा नव्हे, हमाली यंत्राची. एवढ्यानेंहि बापाच्या कित्येक पाळ्या वांचतील आणि उपचारांत खंड पडण्याचें मुख्य कारण दूर होईल.

याहून मोठें काम मात्र घरांचें नव्हे, विद्यापीठांचें व शासनाचें आहे. भारत सरकारनें २०२२ सालीं ‘भाषिणी’ या नांवानें देशी भाषांसाठीं भाषायंत्रें घडविण्याचा उपक्रम लोकांपुढें आणला, मद्रासच्या आय. आय. टी. मधील ‘एआय फॉर भारत’ हा गट मराठीसह अनेक भाषांचे आवाज गोळा करून तीं साधनें सर्वांस खुलीं करीत आला आहे. या भांडारांत चार वर्षांच्या नागपुरी मुलाचा ‘डोया’ जमा झाला पाहिजे. हिंदी घरांतून आलेल्या मुलीची अडखळती मराठी जमा झाली पाहिजे. दुभंगलेली टाळू शिवून घेतलेल्या मुलाचा अनुनासिक स्वरहि जमा झाला पाहिजे. तीं ध्वनिमुद्रणें पालकांच्या संमतीनें, नांवगांव वगळून, आणि त्या बोलींत वाढलेल्या तज्ज्ञांच्या कानांखालून जाऊन मगच यंत्राच्या शिकवणीस लावावीं. तें झालें नाहीं तर पुण्यामुंबईच्या प्रौढांची मराठी हीच मराठी, असें यंत्र धरून चालेल, आणि त्याच्या मोजपट्टीनें विदर्भांतलें प्रत्येक मूल थोडें थोडें तोतरें ठरेल.

यंत्र थकत नाहीं, रागावत नाहीं, शंभरदां तेंच चित्र तितक्याच उत्साहानें दाखवितें. हे त्याचे गुण खरेच मोठे आहेत, आणि दिवसभर राबून आलेल्या आईबापांना त्यांचा आधार घेण्यांत कमीपणा नाहीं. पण मूल बोलतें तें कोणीतरी त्याची वाट पाहत आहे म्हणून. गाण्याऐवजीं दाणे हातावर पडल्यावर त्याच्याबरोबर हंसणारें माणूस समोर असेल तरच त्या चुकीला अर्थ येतो. तें माणूस घरीं आहे. त्याला वाट दाखविणारा तज्ज्ञ तीस किलोमीटरांवर आहे. या दोघांमधील अंतर कमी करणें, एवढेंच काम यंत्राला सांगावें आणि तेवढें त्याच्याकडून चोख करून घ्यावें.